पालखीसाठी लेखी अर्ज

काजूच्या दिवसांत चिरेखाणीवरच्या दत्तू नावाच्या कामगाराच्या पावलावर चिरा पडला, त्याला डोंगरावरून खाली न्यायला आमच्या कोपेलातली पालखी मागायला चार माणसं माझ्याकडे आली, आणि मी त्यांना लेखी अर्ज आणायला सांगितलं.

हे मी कुणाच्या सांगण्यावरून केलं नाही, तापात केलं नाही आणि पिऊनही केलं नाही. जेवण झालं होतं, डोकं शांत होतं.

थोडं मागचं सांगतो. मी बस्त्यांव, कोरगावचा, मराठी प्राथमिक शाळेतला मास्तर. आमचा वाडा, म्हणजे आमची वस्ती, डोंगराच्या उतारावर. गाडी खालच्या रस्त्यावर थांबते, तिथून वर चिऱ्यांच्या पायऱ्या आणि पायवाट. वाड्याच्या मधोमध सांत आंतोनाचं, आमच्या संताचं, छोटं कोपेल, म्हणजे प्रार्थनाघर. वर्षातून एकदा फेस्ताला, म्हणजे त्याच्या सणाला, लाकडी सांत बाहेर काढायचा, आंदोरावर ठेवायचा आणि चार खांद्यांवरून वाड्याभोवती फिरवायचा. आंदोर म्हणजे आमची पालखी: दोन लांब दांडे, मधे फळी, कडेला सोनेरी रंग दिलेला कठडा. मी या कोपेलाचा प्रकुरादोर. नाव भारदस्त आहे, काम किल्ली सांभाळायचं. ती मी विजारीच्या पट्ट्याला बांधून हिंडत असे.

ते दिवस भाषेच्या भांडणाचे. साऱ्या गोव्यात राजभाषा मराठी की कोंकणी यावरून माणसं एकमेकांची तोंडं बघेनाशी झाली होती, आणि आमच्या कोपेलाच्या समितीत ते भांडण जरा उशिरा, पण जोरात पोचलं. मी मराठीचा मास्तर. ख्रिस्तांव असून मराठीचा, म्हणून निम्मी समिती माझ्यावर रागावलेली. नोटीस कुठल्या भाषेत लावायची यावर दोन बैठका मोडल्या. शेवटी एकच ठराव पास झाला: कोपेलाची कुठलीही वस्तू हवी असेल तर लेखी अर्ज करावा. कुठल्या भाषेत, ते मागाहून ठरेल.

तर त्या चार माणसांपैकी एकानं धापा टाकत विचारलं, अर्ज कुणाच्या नावानं लिहायचा. मी सांगितलं, अध्यक्षांच्या नावे, माझ्या मार्फत. ती चौघं आली तशी वर निघून गेली. थोड्या वेळानं जनेलातून पाहिलं तर पायवाटेवरून एक दार खाली चाललं होतं. दत्तूच्या झोपडीचं दार बिजागरीतून काढलेलं, आणि त्यावर दत्तू.

पुढच्या रविवारी मी नेहमीप्रमाणे मुलांना दोतोन, म्हणजे आमचं धर्मशिक्षण, शिकवायला गेलो. धडा होता वाटेवर जखमी पडलेल्या माणसाचा आणि त्याला उचलून नेणाऱ्या परक्याचा. आठ मुलांनी तो घडाघडा म्हणून दाखवला. आठही जणांना मी शाबासकी दिली.

पाय

पावसाळा गेला, भात कापून झालं आणि एके सकाळी शाळेची पायरी मला उंच वाटली. रोजचीच पायरी. मी चपलेला दोष दिला. दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिताना खडू पडला, उचलायला वाकलो तो तसाच खाली बसलो. मुलं हसली, मीही हसलो, आणि मग उठता येईना तेव्हा मुलं हसायची थांबली.

आठवडाभर आधी पोट बिघडलं होतं, त्याचाच अशक्तपणा असणार असं मी ठरवलं आणि स्वतःवर उपचार सुरू केले. फेणीनं पाय चोळले. चोळून उरलेली वाया जाऊ नये म्हणून दुसऱ्या मार्गानं वापरली. माझी बायको फिलू म्हणाली, दोतोराला बोलाव. मी म्हटलं, दोन दिवस बघू. कुणाचे पाय असे खालून हळूहळू जायला लागले तर त्यानं काहीही करावं, पण दोन दिवस बघू नये. हे मी अगदी मनापासून सांगतो, कारण तिसऱ्या सकाळी मी जागा झालो आणि पाय झालेच नाहीत. दिसत होते. पांघरुणाखाली दोन उंचवटे होते. पण ते माझे आहेत असं काही वाटेना.

दोतोर पायऱ्या चढून वर आला. त्यानं रबरी हातोडीनं माझ्या गुडघ्यावर टकटक केलं. गुडघा उडायला हवा होता. वर्गात ज्याचं गृहपाठाचं पान कोरं असतं ते पोर जसं मान खाली घालून बसतं, तसा तो बसला. दोतोरानं दुसरा गुडघा बघितला, मग मनगटं बघितली, आणि त्याचा आवाज खाली आला. मला तो खाली आलेला आवाज अजून ऐकू येतो. तो फिलूला म्हणाला, हे वर चढत जाणारं दुखणं आहे. बहुतेक वेळा उतरतंही. पण उतरायच्या आधी छातीपर्यंत चढलं तर श्वासाची पंचाईत होईल. आजच मोठ्या इस्पितळात न्या. उद्या नको.

मी विचारलं, चालता येईल ना पुन्हा? तो म्हणाला, आधी श्वास घ्या, मग चालण्याचं बघू.

दिंबी

आता मला न्यायचं कुणी? आमच्या वाड्यावरचे धडधाकट पुरुष बोटींवर किंवा आखातात. आमचा मुलगाही तारवटी, कुठल्या तरी समुद्रात. घरी उरलेले पुरुष म्हणजे मी, दोन म्हातारे आणि भिंतींवरचे फोटो.

फिलू कुणाला न विचारता वर चिरेखाणीवर गेली. अर्ध्या तासानं परत आली तेव्हा तिच्यामागून चार माणसं येत होती. तीच चार, त्यातला एक बदललेला. पुढे होता तो डाव्या पायानं लंगडत होता, आणि त्यानं डोक्यावर दार घेतलं होतं.

दत्तू गडहिंग्लजकडचा. ठेंगणा, रुंद, बोलताना तोंडावरची रेषही न हलवणारा. तो माझ्या खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला. मी म्हटलं, "दत्तू, दार नको. कोपेलातली पालखी घ्या."

तो म्हणाला, "अर्ज लिवाय लागंल न्हवं, मास्तर?"

तो हसत नव्हता. माझी थट्टाही करत नव्हता, हे सगळ्यात वाईट. त्याला नियम माहीत होता आणि तो पाळायला तयार होता. मी उशीजवळची पेन्सिल घ्यायला गेलो. म्हणजे बघा, दुखणं छातीकडे चाललेलं आणि मी खरोखरच अर्ज लिहायला निघालो होतो. बोटांतून पेन्सिल गळून पडली.

फिलूनं खुंटीवरच्या विजारीतून माझा पट्टा ओढला आणि किल्ली इतक्या जोरात हिसडली की पट्ट्याची शिवण उसवली. मी म्हटलं, निदान पाद्रीबाबांना निरोप तरी पाठव. ती म्हणाली, "गप रव. तूं आतां प्रकुरादोर न्हय. तूं आतां वजें."

वजें म्हणजे ओझं. पुढचे सहा महिने माझा हाच हुद्दा होता.

दत्तूनं दार भिंतीला टेकवून ठेवलं आणि पालखी आणायला जाता जाता एवढंच म्हणाला की बरं झालं, ते परत बसवायला लई तरास पडतो.

मग मला पालखीत निजवलं, दोन चादरींनी बांधलं आणि वरात निघाली. पुढे बॅग घेऊन दोतोर, मधे मी, मागे हातात माझे कपडे आणि तोंडात प्रार्थना घेऊन फिलू. वाटेत आनमारीचं घर. आनमारी आमची शेजारीण, ऐंशीच्या पुढची, डोळ्यांत मोती. तिला चार जणांची एका लयीतली पावलं ऐकू आली, सोनेरी कठडा उन्हात चमकलेला दिसला असावा. ती दारातून लगबगीनं बाहेर आली, पायरीवर गुडघे टेकून दिंबी घातली आणि छातीवर बोटांनी खुरीस, म्हणजे क्रूस, काढला. पालखी अगदी जवळ आली तेव्हा तिनं मान पुढे काढून आत बघितलं.

"सांत म्हणान हांवें दिंबी घाली," ती म्हणाली, "आनी हो बस्त्यांव."

उठायला तिला दोन माणसं लागली. दत्तूची माणसं इतकी हसली की पालखी डुगडुगली, आणि मीही हसलो. हसताना लक्षात आलं, हसू येतंय म्हणजे छाती अजून चालते आहे. त्या दिवशी घाबरण्यातून मला पहिली सुट्टी आनमारीनं दिली.

'स' म्हण

इस्पितळात माझ्या श्वासाची परीक्षा अशी घ्यायचे: एक मोठा श्वास घ्या आणि तो संपेपर्यंत मोठ्यानं आकडे म्हणा. सकाळ, दुपार, संध्याकाळ. पहिल्या दिवशी मी तेवीसपर्यंत गेलो. दुसऱ्या दिवशी सतरा. खाटेशेजारी श्वास देणारं एक यंत्र आणून ठेवलं आणि त्यावर कापड टाकलं, मला दिसू नये म्हणून. कापड टाकलेली वस्तू माणसाला जास्त दिसते. आकडा दहाच्या खाली गेला की ते कापड निघणार, हे मला कुणी सांगितलं नाही आणि सगळ्यांच्या तोंडावरून कळलं.

शेजारच्या खाटेवर सर्वणचे एक शेतकरी होते, शाणूकाका. पायाला कोयता लागून जखम चिघळलेली. हिंदू, घरी देव्हारा, कपाळाला गंध, आणि कोंकणीचे कडवे कैवारी. मी ख्रिस्तांव, गळ्यात खुरीस आणि मराठीचा मास्तर. आमच्याकडे येणारी केरळची नर्स बिचारी आठवडाभर आमच्या चार्टची अदलाबदल झाली आहे असं समजत होती. आम्ही सकाळी पेज येण्याआधी भांडायला सुरुवात करायचो. माझे हात उचलत नसत, म्हणून पेजेचा चमचा माझ्या तोंडात शाणूकाकाच घालायचे, आपली जखमी तंगडी माझ्या खाटेवर टेकवून. ते भरवत असताना मला उत्तर देता येत नसे. या सोयीचा त्यांनी पुरेपूर फायदा घेतला.

चौथ्या दिवशी आकडा तेरावर आला. पाचव्या दिवशी सकाळी दोतोर, नर्स आणि फिलू खाटेभोवती उभे राहिले. फिलूच्या बोटांत रोझारीचे मणी होते पण ते फिरत नव्हते. मी श्वास घ्यायच्या आधी शाणूकाका म्हणाले, "मास्तर, कोंकणीत मेज. तुझ्या 'सहा'क वारो चड लागता. 'स' म्हण आनी फुडें वच."

'सहा'ला श्वास जास्त लागतो, असं त्यांचं गणित. मरायला टेकलेल्या माणसाला तत्त्व फार जड होतं. मी कोंकणीत मोजायला लागलो. एक, दोन, तीन, चार, पांच, स, सात, आठ, णव. तिथं छाती रिकामी झाली. शाणूकाका आपल्या खाटेवर उठून बसले होते आणि ओठांनी माझ्याबरोबर मोजत होते. धा, इकरा. मग संपलो.

अकरा. कापड निघालं नाही. त्या संध्याकाळीही अकराच. दुसऱ्या दिवशी सकाळी बारा झाले, आणि शाणूकाकांनी सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं जाहीर केलं की कोंकणीनं एका मराठीवाल्याचा जीव वाचवला. मी विरोध केला नाही. वारो नव्हता.

आकडे वर चढू लागले तसं पाद्रीबाब भेटायला आले. त्यांच्याकडे मी पापनिवेदन केलं. पालखीची आणि अर्जाची गोष्ट सांगितली. समितीचा ठराव होता हेही सांगितलं, म्हणजे पाप थोडं वाटून जावं. 

पाद्रीबाब म्हणाले, "सांत वर्षातून एकदा तासभर त्या पालखीत बसतो. बाकीचं वर्षभर तिला वाळवी खाते. वाळवीनं कधी अर्ज केला होता का?"

प्रायश्चित्त म्हणून मला वाटलं पन्नास नमन मारिया मिळतील. त्या मी पडल्या पडल्या म्हणून टाकल्या असत्या. त्यांनी सांगितलं, "पाय आले की दत्तूच्या घरी जा. चालत."

मी म्हटलं, आणि पाय नाही आले तर? ते म्हणाले, तर मग पाप तुझ्याबरोबर राहील, सोबतीला.

त्यानंतर चालण्याबद्दल मी विचार केला तो या एकाच वाटेचा. माझ्या घरापासून कोपेल, कोपेलाच्या पुढे चढण, चढणीवर दत्तूची झोपडी. इस्पितळाच्या छताकडे बघत मी ती वाट रोज चाललो. तिथे मला दम लागत नसे.

वजें

नाताळ इस्पितळात काढून घरी आलो तो खुर्चीवर. पालखीत आमचं जुनं कदेल काथ्यानं बांधलं आणि मला त्यावर बसवून वर चढवलं. हात परत आले होते. पाय घोट्यापासून मांडीपर्यंत अजून कुणा दुसऱ्याचे.

आठवड्यातून दोनदा म्हापशाला व्यायामाला न्यावं लागे. फिलूनं स्वयंपाकघराच्या भिंतीवर यादी लावली: मंगळवारी कोण उचलणार, शुक्रवारी कोण. आयुष्यभर फेस्ताच्या याद्या मी केल्या, तिनं ही एकच केली आणि ती माझ्या सगळ्या याद्यांपेक्षा चांगली होती. मंगळवारी दत्तू आणि खाणीवरचे तिघे. शुक्रवारी बायका. खालच्या घरातली देवळीबाई, तिची सून, दत्तूची बायको सखू, जोपर्यंत तिला दिवस राहिल्याचं कळलं नव्हतं तोपर्यंत, आणि फिलू. खरं सांगायचं तर बायकांचं उचलणं जास्त सुखाचं. त्यांना डोक्यावरून पाणी आणायची सवय, पालखी जरासुद्धा हेलकावत नसे. पण मी वर बसलेला असताना त्या माझ्याविषयी असं बोलायच्या, जणू मी खरोखरच लाकडाचा सांत आहे.

वर बसलेल्याला एक गोष्ट दिसते जी खाली उभ्या असलेल्याला कधी दिसत नाही. उचलणाऱ्यांची टाळकी. दत्तूच्या टाळूवर चिऱ्याची लाल धूळ बसलेली असे. खांद्यावर तो पोत्याची घडी ठेवायचा, आणि उतरणीला माझ्या बाजूचा दांडा वर राहावा म्हणून दुखरा पाय आधी टाकायचा. मी वीस वर्षं मुलांना शिकवलं की गरजवंताला मदत करावी. शिकवताना माझ्या मनात गरजवंत नेहमी दुसराच कुणीतरी असायचा, आणि मी नेहमी उचलणारा. आपण तो वाटेवर पडलेला माणूस असू शकतो, आणि आपल्यालाही कुणीतरी उचलतं तेव्हा तोंड बंद ठेवून नीट उचलून घ्यायचं असतं, हा धडा पुस्तकात असेल तर मी तो मुलांना पाठ करायला सांगून पुढे गेलो होतो.

तोंड बंद ठेवायला मला वेळ लागला. घरी आल्यावर मी शाळेची हातघंटा मागवून घेतली. पाणी हवं, घंटा. उशी सरकली, घंटा. माशी बसली, घंटा. चौथ्या दिवशी फिलू शांतपणे आली, घंटा उचलली आणि विहिरीत टाकली. पाण्यात पडतानाही ती वाजली. मग फिलू खाटेच्या कडेला बसली आणि रडली. म्हणाली, तिची कंबर मोडली आहे, मुलाचं पत्र आलंय की नोकरी सोडून येतो, त्याला काय लिहू ते तिला कळत नाही, आणि दिवसभरात कुणी तिला जेवलीस का असं विचारलेलं नाही. मी म्हणालो, जेवलीस? ती म्हणाली, आता विचारून काय उपयोग. पण मग जेवली, माझ्याच ताटातलं. जो आजारी आहे त्यानं हे लिहून ठेवावं: दिवसातून एकदा घंटा न वाजवता विचारायचं.

लोकांना सुरुवातीला भीती वाटली की दुखणं लागट आहे. पोदेर पाव फाटकाच्या खांबावर ठेवून सायकल पळवायचा. ती भीती आनमारीनं मोडली. ती बांगड्याची कढी घेऊन आली, सरळ माझ्या खाटेवर बसली, माझ्या पायांचे अंगठे दाबून बघितले आणि निर्णय दिला की हा आळस आहे. दुसऱ्या दिवशीपासून पोदेर आत यायला लागला.

राजभाषेचा निकाल लागला तेव्हा शाणूकाकांचं पोस्टकार्ड आलं. कोंकणी जिंकल्याची आनंदाची बातमी त्यांनी सविस्तर कळवली होती. मराठीत. शाळेत तेवढीच लिहायला शिकलो, असं खाली बारीक अक्षरात होतं. मी ते कार्ड उशाशी ठेवलं आणि त्या दिवशी खाट धरून पहिल्यांदा उभा राहिलो. एकवीसपर्यंत मोजलं. कोंकणीत.

खिळ्यावरची किल्ली

मे महिन्यात गोवा राज्य झालं. तोवर मी काठीच्या आधारानं खाटेपासून बाल्कांवापर्यंत, म्हणजे पुढच्या ओसरीपर्यंत, जात होतो. पंधरा पावलं, मधे एक विश्रांती. त्या पलीकडे एकट्यानं जायला फिलूची सक्त मनाई.

बाल्कांवात माझ्या खुर्चीसमोर खिळ्यावर कोपेलाची किल्ली लटकलेली असे. फिलूनं मी इस्पितळातून आल्याच्या दिवशीच ती तिथं अडकवली होती. मला त्या किल्लीचा फार आधार. पायांनी सोडलं, पण अधिकार अजून खिळ्यावर आहे.

राज्य झाल्याच्या आनंदात खाली शाळेजवळ फटाके वाजत होते, तेव्हा वरून चिरेखाणीकडून ओरडणं ऐकू आलं. एक बाई धावत आली, फिलूला काहीतरी म्हणाली, आणि फिलू हातातली भाजी तशीच टाकून तिच्यामागे पळाली. मला एवढंच ऐकू आलं: सखू. दिवस भरायच्या आधीच कळा. मूल आडवं आहे. खाली न्यायला हवं.

मग माझी नजर खिळ्यावर गेली. किल्ली तिथेच.

माझ्या डोळ्यांसमोर ते सगळं उभं राहिलं. दत्तू कोपेलापाशी येतो. दाराला कुलूप. तो परत वळतो आणि आपल्या झोपडीचं दार काढायला घेतो. माझ्यामुळे, पुन्हा.

मी किल्ली घेतली आणि निघालो. बाल्कांवाच्या पायऱ्या उतरलो ते कठड्याला मिठी मारून. अंगणात दोनदा थांबलो. कुंपणापर्यंत आलो तेव्हा गुडघे थरथरत होते, पण ते माझेच होते, मला ओळखीचे वाटले. कोपेल शंभरेक पावलांवर, शेवटी अकरा पायऱ्या वर. त्या पायऱ्या मी बसून चढलो. पाठमोरा, एकेका पायरीवर बूड टेकवत, काठी दातांत. कुणी बघितलं असतं तर मला वाटतं पुन्हा कुणी दिंबी घातली नसती. पण मी मनाशी म्हणत होतो, देवा, एवढी एक किल्ली पोचू दे. पुढचं चालणं नाही दिलंस तरी चालेल. मी असा सौदा केला आणि तेव्हा तो मला अगदी स्वस्त वाटला.

दारापाशी पोचलो. कुलपात किल्ली घातली. फिरेना. उलटी घातली. फिरेना. थुंकी लावली, सांत आंतोनाची विनवणी केली, मग त्याच्यावर रागावलो.

खालून आनमारी काठी टेकत येत होती. तिनं आवाजावरून मला ओळखलं. तिनं सांगितलं त्याचा सारांश असा: पालखी कधीच गेली, सखूला घेऊन चौघं मागच्या आडवाटेनं खालच्या रस्त्यालाही पोचले असतील. माझ्या हातातली किल्ली दिसायला तशीच, पण फिलूच्या तांदळाच्या पेटीची. कोपेलाची किल्ली मला इस्पितळात नेलं त्या दिवसापासून दत्तूकडे आहे, मंगळवार-शुक्रवारीही कुलूप तोच उघडून देतो, आणि वाड्यावर हे सगळ्यांना माहीत आहे. मला सांगितलं नाही, कारण फिलूला वाटलं मला खिळ्यावर काहीतरी बघायला असलेलं बरं.

मी कोपेलाच्या पायरीवर बसलो. उतरता येण्यासारखे पाय उरले नव्हते. बसून हसलो. आनमारी विचारत होती काय झालं, आणि मला सांगता येईना की मी घरापासून इथपर्यंत चालत आलो आहे, आणि ज्याच्यासाठी आलो ते काम माझ्याशिवाय, माझ्या अर्जाशिवाय, माझ्या किल्लीशिवाय केव्हाच होऊन गेलं आहे, आणि याहून चांगली बातमी मला त्या सहा महिन्यांत मिळाली नव्हती.

दत्तूच्या घरापर्यंतचं प्रायश्चित्त मी पुढे पावसात छत्री घेऊन फेडलं. दार पुन्हा बिजागरीत बसवलेलं होतं आणि ते खरोखरच नीट लागत नव्हतं. पण मला त्या दिवसाविषयीच सांगायचंय.

सूर्य कलला तेव्हा दत्तू आणि तिघे रिकामी पालखी घेऊन वर आले. सखू बरी होती. फिलू तिच्यापाशी थांबली होती. मुलगी झाली होती, लहानशी, पण आवाज खाणीवर ऐकू जावा असा. दत्तूचा चेहरा पहिल्यांदाच जागेवरून हललेला मी बघितला.

मी हातातली तांदळाच्या पेटीची किल्ली त्याला दाखवली. म्हटलं, दत्तू, मी पालखी काढून द्यायला येत होतो. चालत आलो. सगळी वाट.

त्यानं किल्लीकडे बघितलं, माझ्या विजारीच्या मागच्या धुळीकडे बघितलं, अकरा पायऱ्यांकडे बघितलं. मग पोत्याची घडी खांद्यावर ठेवली आणि मला पालखीत बसायची खूण केली.

"तुमची वाट बगत बसलो असतो, मास्तर," तो म्हणाला, "तर पोरगी जल्मून, चालाय शिकून, आपल्या पायानं खाली गेली असती."